शनिवारचा पिक्चर - वेळ बदलली आहे, नीट वाचा

मंडळी, येत्या शनिवारी ७ ऐवजी ६.३० ला सुरू करतोय, जागा नेहमीचीच, लायब्ररीच्या वरचा हॉल. पिक्चर आहे 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस' (१९५७), ब्लॅक अँड व्हाइट, ९६ मिनिटं. न्यूयॉर्कचा एक गॉसिप कॉलमवाला, बर्ट लँकेस्टर, ज्याच्या दोन ओळींवर लोकांची करिअर उभी राहतात नि बसतात, आणि त्याच्या मागेपुढे करणारा प्रेस एजंट टोनी कर्टिस. हा पठ्ठ्या थंडीत ओव्हरकोट घालत नाही, का तर हॉटेलात कोट सांभाळणाऱ्याला टिप द्यावी लागते! यातला कॉलमवाला वॉल्टर विंचेल या खऱ्या माणसावरून घेतलाय. तेव्हा पिक्चर आपटला होता, पब्लिकला गोड कर्टिस हवा होता बहुतेक.

- ६.३० म्हणजे ६.३०, मागच्या वेळी अर्धा पाऊण तास दार उघडबंद चालू होतं
- सबटायटल्स इंग्रजी आहेत, डायलॉग फास्ट आहेत, पुढे बसा
- लँकेस्टरच्या चष्म्याची सावली त्याच्या डोळ्यांवर कशी पडते ते बघाच, कॅमेरा जेम्स वाँग हाऊचा
- चहा नंतर, मध्ये इंटरव्हल नाही
- येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच नाव टाका, खुर्च्या सांगायच्यात