जकात हा गरिबाचा हक्क

संपादक महोदय,

रमजानमध्ये मडगाव, वास्को, फोंड्यात मशिदींबाहेर सुट्टे पैसे वाटले जातात आणि जकात (ऐपत असलेल्या मुसलमानाने दरवर्षी द्यायचे सक्तीचे दान) म्हणजे भीक, असा समज पक्का होतो. कुराणाच्या ५१व्या सूरेत (अध्यायात) मात्र धनवंताच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे.

हिशेब सोपा आहे. रोकड, सोने-चांदी, विक्रीचा माल आणि येणे यांची बेरीज करून सध्या देय असलेले कर्ज वजा करावे. उरलेली रक्कम सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त असेल व चांद्र वर्ष उलटले असेल, तर अडीच टक्के द्यावेत. राहते घर धरत नाहीत. दुकानदारांची चूक बहुधा एकच: गल्ला मोजतात, गोदामातला माल विसरतात.

नवव्या सूरेतल्या जकातीच्या आठ प्रकारच्या हकदारांत कर्जबाजारीही आहेत, हे फार थोडे जण लक्षात घेतात. शंभर जणांना दहा-दहा रुपये देऊन कुणाचेच कर्ज फिटत नाही, आणि सावकाराच्या तगाद्याने घरे मोडतात, शेजार बिघडतो. मशीद समित्यांनी गरजूंची नावे गुप्त ठेवून एकेकाचे थकलेले भाडे, औषधांची उधारी पूर्ण फेडावी. ईदच्या आधीच ही यादी तयार हवी.

— एक वाचक, फोंडा