विक्रोळीत बर्फ कधी पडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातली ‘वस्तीत कोल्ह्यांची घुसखोरी’ ही बातमी वाचली. म्हणजे आधी फोटोच पाहिला. तांबडंलाल झुबकेदार अंग, पांढरी छाती, शेपटीचं टोक पांढरं, आणि बसलाय चक्क बर्फात. तीन कॉलम रुंद. खाली ओळ, ‘कन्नमवार नगर परिसरात वावरणारा कोल्हा’. आम्ही १९७४ पासून कन्नमवार नगरात राहतो. इथे बर्फ पडल्याचं मला तरी आठवत नाही. मी पहिल्या पाळीला गेलो असताना एखाद्या सकाळी पडून वितळला असेल तर माहीत नाही.

फोटोतला प्राणी विलायतेतला. लंडनच्या गल्ल्यांतून कचऱ्याचे डबे उलथवत फिरतो, तो. त्याचं आपल्याकडचं भावंड म्हणजे खोकड, आणि तेसुद्धा माळरानावर राहतं, खाडीत नाही. आमच्या तिवरांत आहे तो कोल्हा. मातकट पिवळसर, पायांनी उंच, शेपटीचं टोक काळं. इंग्रजीत या दोघांना दोन नावं आहेत, मराठीतही दोन आहेत. घोळ घालायला खरं तर जागाच नव्हती, तरी आपल्या उपसंपादकांनी ती शोधून काढली, याबद्दल त्यांचं कौतुक.

मी काही प्राणितज्ज्ञ नाही. एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. तिथे चुकीचा ड्रॉइंग नंबर लागला की अख्खी बॅच भंगारात जायची आणि सुपरवायझर आमची सात पिढ्यांची आठवण काढायचा. वर्तमानपत्रात चुकीचा फोटो लागला तर काय होतं, ते आमच्या सोसायटीत काय झालं त्यावरून सांगतो.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत आपल्या बातमीचं कात्रण नोटीसबोर्डावर लागलं. ‘घुसखोरी’ या शब्दाखाली लाल पेनाने दोन रेघा. रात्री गच्चीवर सभा भरली, सेक्रेटरींनी फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला, आणि तळमजल्यावरच्या एका वहिनींनी हाच प्राणी त्यांच्या तुळशीपाशी पाहिल्याचं छातीठोकपणे सांगितलं. हाच, बर्फातला! मी म्हटलं, वहिनी, तो इथे यायचा तर विमानानेच यावा लागेल. त्यावर मला ‘तुम्ही नेहमीच उलटं बोलता’ असं ऐकावं लागलं. ठराव झाला की कोल्ह्यांना पळवून लावायचं. काल रात्री साडेदहाला भिंतीपलीकडे सुतळी बॉम्बची माळ लागली. दहानंतर आवाजाच्या फटाक्यांना बंदी आहे हे सेक्रेटरींनाच ठाऊक नसेल तर बाकीच्यांचं काय बोलायचं. माझी आई शहाऐंशी वर्षांची. दचकून उठून बसली, आणि पहाटे तीनपर्यंत मला विचारत होती की दिवाळी कधी आली, फराळ कोणी केला.

कोल्हे कोण जाणे कुठे गेले. कुत्री मात्र सकाळपर्यंत भुंकत होती.

आता घुसखोरीचं. आम्ही राहायला आलो तेव्हा हायवेच्या अलीकडे वसाहत, पुढे मिठागरं, पुढे तिवरं आणि मग ठाण्याची खाडी. दिवेलागणीला पलीकडून कोल्हेकुई सुरू झाली की आई आम्हाला हाक मारायची, ‘कोल्हे ओरडले, घरात या.’ आमच्या लहानपणी घड्याळापेक्षा तेच वेळेवर. म्हणजे आधी ते, मग आम्ही, आणि आता जुन्या चारमजली इमारती पाडून उभे राहणारे टॉवर. यात घुसलं कोण, ते आपणच क्रमाने लावून पाहा.

कोल्हा खाडीत काय खातो? खेकडे, निवट्या, उंदीर, ओहोटीला सापडेल ते. म्हणच आहे, कोल्हा काकडीला राजी. पण गेलं वर्षभर त्याला काकडीची गरज उरलेली नाही. आमच्या भिंतीला कोपऱ्यात एक भगदाड आहे. त्याच्यापलीकडे रोज रात्री कोणीतरी कोंबडीची आतडी आणि पिसं भरलेल्या काळ्या पिशव्या टाकून जातं. पंप सुरू करायची पाळी माझी असते, म्हणून साडेपाचला मी खाली असतो. दोन आठवड्यांपूर्वी भगदाडातून पाहिलं तर एक कोल्हा पिशवीची गाठ दातांनी ओढत होता. फासळ्या दिसत होत्या, डाव्या कानाला चीर. माझ्या हातातल्या टॉर्चचा उजेड पडला तसा थांबला, माझ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही. भगदाड बुजवा, तीन पाट्या विटा आणि अर्धी गोण सिमेंट पुरेल, हे मी दोन सभांत लेखी दिलंय. त्याला निधी नाही. सुतळी बॉम्बला वर्गणी एका तासात जमली.

धोका नाही असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये चेंबूरकडे कोल्ह्यांत रेबीज आढळला होता, तेव्हा मीही नातवाला भिंतीकडे जाऊ दिलं नव्हतं. पण मग बातमीत तेवढं तरी छापायचं: चावला किंवा ओरखडला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. लोळत, तोल जात चाललेला कोल्हा दिसला तर जवळ जाऊ नका, वनखात्याला १९२६ वर फोन करा. या दोन ओळींना जागा नव्हती. बर्फाला होती. माझी आतेबहीण आरेला राहते, तिकडे बिबट्या आहे. तिथली माणसं काय करतात? अंधारात पोरांना एकटं सोडत नाहीत, घोळक्याने मोठ्याने बोलत जातात, दारात उष्टं खरकटं ठेवत नाहीत. बिबट्याच्या शेजारी राहणाऱ्यांना जे जमतं ते आम्हाला कोल्ह्याच्या बाबतीत जमू नये?

जागेवरून आठवलं. कांजूरच्या कचराभूमीच्या वासाबद्दल मी जूनमध्ये एक पत्र पाठवलं होतं, आणि स्मरणपत्र ऑगस्टमध्ये. दक्षिणेचा वारा नसला की रात्री खिडक्या लावून बसावं लागतं, एवढाच मजकूर होता. ते अजून आलेलं नाही. त्यासोबत फोटो नव्हता म्हणून राहिलं असेल तर कळवावं, वासाचा फोटो काढायचा प्रयत्न करतो. शब्दकोड्याची उत्तरं हल्ली दोन दिवस उशिरा येतात त्याबद्दल वेगळं लिहीन.

तूर्त एकच विनंती. फोटो चुकला होता, एवढा खुलासा, खऱ्या कोल्ह्याच्या फोटोसह, त्याच पानावर आणि जमल्यास तेवढ्याच आकारात छापावा. कात्रण मी स्वतः नोटीसबोर्डावर लावीन, टाचण्या माझ्याकडे आहेत. मात्र हे पत्रही जूनच्या पत्राच्या गठ्ठ्यात ठेवू नये. शनिवारसाठी बॉम्बचं आणखी एक खोकं जिन्याखाली आणून ठेवलेलं मी आज सकाळी पाहिलं.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)