मॉस्कोतल्या आमच्या पोरीला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

माझं नाव कुठे लिहू नका, असं तू बजावलं होतंस, म्हणून नुसतं पोरी म्हणतो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला. टीव्हीसमोरून हललो नाही. १९६३ साली हवाई दलात आलेलं विमान, आणि माझी सगळी नोकरी नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात त्याच्याच अंगाखांद्यावर गेली. कार्यक्रम संपला तेव्हा पहिली आठवण तुझी आली. तू नसतीस तर त्या विमानाचं माहेर बघायचं माझं राहूनच गेलं असतं. फोनवर मी आभार मानायला लागलो की तू विषय बदलतेस. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, आता विषय बदलता येणार नाही.

आमच्या कॉलनीतल्या वहिनींच्या माहेरच्या ओळखीतून तुझा नंबर मिळाला. लातूर जिल्ह्यातली मुलगी मॉस्कोत विमानाचं इंजिनिअरिंग शिकते, एवढीच माहिती होती. त्याआधी मी एका टूर कंपनीत जाऊन आलो होतो. त्यांच्या यादीत लाल चौक होता, सर्कस होती, मेट्रोची स्टेशनं होती. मोनिनोचं विमान संग्रहालय म्हटल्यावर त्यांनी मलाच विचारलं, ते कुठे आलं? तुला पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी भीतभीतच विचारलं होतं. तू म्हणालीस, "काका, मोनिनो तर बघायलाच हवं. पण एका दिवसात घाईघाईनं नाही." तिथेच मला कळलं, आपलं जमणार.

तू किती आधीपासून तयारी केलीस, ते इथल्या लोकांना कळलं पाहिजे. ई-व्हिसाच्या अर्जात आडनाव आणि वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं हे तू व्हिडिओ कॉलवर बसून सांगितलंस. आपल्या बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत, रोख डॉलर आणा, कोऱ्या नोटा आणा, घडी पडलेली नोट घेताना कुरकुर करतात, हेही सांगितलंस. मूळ पासपोर्ट कायम अंगावर ठेवायचा, कारण मोनिनोचं संग्रहालय लष्कराचं आहे. प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून उघडं आहे ना, याची खात्री तू करून घेत होतीस. त्या दिवसांत तुझी परीक्षा जवळ आली होती, हे मला निघताना तुझ्या मैत्रिणीकडून समजलं. तू अवाक्षर काढलं नाहीस.

आणि एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. मला अंतराळवीरांची तारानगरी बघायची होती. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांनी जिथे प्रशिक्षण घेतलं, पुढे गगनयानाचे आपले चौघे वैमानिकही जिथे राहून शिकले, ती जागा. तू चौकशी केलीस आणि स्पष्ट सांगितलंस, "काका, परदेशी माणसाला तिथली परवानगी खूप आधी मागावी लागते. तुमच्या मुदतीत ते बसणार नाही." बघू, करू, होईल, असं म्हणून तू मला झुलवत ठेवलं नाहीस. एखादं काम होणार नाही हे वेळेवर सांगणं हीसुद्धा मोठी मदत असते.

पण म्हणून तू गप्प बसली नाहीस. यारोस्लाव्स्की स्टेशनवरून आपण मोनिनोची लोकल पकडली आणि तू मला खिडकीशी बसवून एकेक स्टेशन ओळखायला लावलंस. चकालोव्स्काया हे चकालोवच्या नावाचं, १९३७ मध्ये उत्तर ध्रुवावरून विमान नेऊन थेट अमेरिकेत उतरवणाऱ्या वैमानिकाचं. पुढे बाख्चिवांद्झी. हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. १५ मे १९४२ रोजी, युद्ध पेटलेलं असताना, रॉकेट इंजिनाचं बीआय-१ विमान त्यानं पहिल्यांदा उडवलं आणि २७ मार्च १९४३ ला त्याच जातीच्या विमानात तो गेला. अंतराळात गेलेला पहिला माणूस, गागारिन, तोही २७ मार्चलाच गेला, १९६८ साली. तू हे सांगितलंस आणि आपण दोघं जरा वेळ बोललो नाही. मग त्सिओल्कोव्स्काया आलं. तू मला हाताला धरून दाराशी नेलंस आणि म्हणालीस, "तारानगरीसाठी इथेच उतरतात. शर्मासर इथलेच." दोन्ही बाजूंना नुसतं रान होतं. गाडी थांबली आणि सुटली. माझं समाधान झालं.

आता मोनिनोविषयी. इतरांसाठी सांगतो, मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे ३८ किलोमीटरवर जुनी धावपट्टी होती, तिथेच हे संग्रहालय आहे. एकेका कारखान्यातून, चाचणी केंद्रातून निघालेली विमानं तिथे येऊन गवतात रांगेनं उभी राहिली. बरीचशी उघड्यावर आहेत. ऊन, पाऊस आणि महिनोन्महिन्यांचा बर्फ. रंग उडालेत, टायरांना भेगा पडल्यात. जन्मभर विमानाचा पत्रा साफ ठेवलेल्या माणसाच्या जिवाला ते लागतं. पण त्यातली काही विमानं जगात फक्त तिथेच आहेत, हेही खरं.

तू आधीच ठरवून ठेवलेले ते मार्गदर्शक गृहस्थ वयानं माझ्याहून मोठे होते. हवाई दलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ. तू त्यांना काय सांगितलंस कोण जाणे, पण "इंडिया, मिग" एवढं ऐकल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडलाच नाही. इंजिनांच्या आवाजात नोकरी गेल्यामुळे मला उजव्या कानानं फार कमी ऐकू येतं. हे तुला पहिल्याच दिवशी कळलं आणि त्यानंतर तू नेहमी माझ्या डाव्या हाताला चाललीस. ते बोलायचे, तू ऐकायचीस, मग माझ्या कानाशी येऊन सगळं सांगायचीस. मला नीट कळलं नाही तर पुन्हा सांगायचीस. वाक्य पाच ओळींचं असेल तर पाचही ओळी मला मिळत होत्या. "ते असं काहीतरी म्हणाले" असं तू एकदाही म्हणाली नाहीस. या पत्रात मला सगळ्यात मोठे आभार याचेच मानायचे आहेत. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला विचार, लोक त्याला अर्धंच सांगतात. उरलेलं सोडून दे म्हणतात.

म्हणूनच सुखोईचं ते टी-४ मला कळलं. लांबून पाहिलं तर एक करडं, अणकुचीदार विमान. पण त्याचा सांगाडा टायटॅनियम आणि स्टेनलेस स्टीलचा, कारण ध्वनीच्या तिप्पट वेगात ॲल्युमिनियम तग धरत नाही. उतरताना नाक खाली झुकायचं. वेगात असताना नाक वर उचललं की वैमानिकाच्या समोरची काच पूर्ण झाकली जायची. पुढचं काहीच दिसायचं नाही, लागलीच तर पेरिस्कोपची सोय. त्या गृहस्थांनी स्वतःचे तळहात डोळ्यांसमोर धरून दाखवलं. २२ ऑगस्ट १९७२ ला व्लादिमीर इल्यूशिननं ते प्रथम उडवलं. एकूण दहा उड्डाणं झाली आणि प्रकल्प बंद पडला. तू त्यांना विचारलंस, "टायटॅनियमचं वेल्डिंग करणाऱ्यांचं पुढे काय झालं?" हा प्रश्न माझ्याही मनात होता. मी विचारला नव्हता, तूच विचारलास. ते म्हणाले, शिकलेला हात रिकामा राहत नाही, पुढच्या विमानांना लागला.

मिलचं व्ही-१२ बघताना मात्र मला तुझी गरज पडली नाही. एवढं मोठं हेलिकॉप्टर जगात दुसऱ्या कुणी बांधलं नाही. दोन्ही बाजूंच्या पंखांच्या टोकांना एकेक रोटर, प्रत्येकाचा व्यास ३५ मीटर. १९६९ मध्ये त्यानं ४४ टनांहून जास्त वजन दोन हजार मीटरच्या वर उचललं. दोनच बनली. मी त्याच्या पोटाखाली उभा राहून वर बघत बसलो आणि तू घाई केली नाहीस.

आणि मग तू म्हणालीस, "काका, आता तुमचं." मला वाटलं नेहमीचं मिग-२१ असेल. ती मंडळी रांगेत होतीच, ती मी डोळे मिटूनही ओळखली असती. पण तू मला ज्याच्यासमोर उभं केलंस ते मिग-२१आय होतं, ज्याला तिथले लोक 'ॲनालॉग' म्हणतात. तेच नाक, तोच पुढचा शंकू, तोच कॉकपिटचा उंचवटा. आणि मागे बघतो तर आडवी शेपटी गायब, पंख भलताच! पुढून अरुंद निघून मागे पसरत गेलेला, कडेला सुरेख वळण घेतलेला. तो पंख टीयू-१४४ चा, म्हणजे आवाजाहून वेगानं जाणाऱ्या प्रवासी विमानाचा. तो आकार हवेत कसा वागतो हे आधी कळावं म्हणून मिग-२१ ला तो पंख लहान करून बसवला होता. ३१ डिसेंबर १९६८ ला टीयू-१४४ पहिल्यांदा उडालं, कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी, तेव्हा हे मिग त्याच्या सोबतीनं उडत होतं. अशी दोन बनवली. एक १९७० मध्ये पडलं, उरलेलं हे. टीयू-१४४ सुद्धा त्याच मैदानात उभं आहे. तू मला अशा जागी नेलंस जिथून मान वळवली की दोघांचे पंख बघता येतात.

पंख आणि धड जुळतं तिथे मी वाकून रिव्हेटांची रांग बघितली. मूळ धडाचे रिव्हेट आणि नंतरच्या कामाचे रिव्हेट यांत फरक दिसतो, पण बघणाऱ्याला ते माहीत हवं. त्या गृहस्थांनी मला वाकलेलं पाहिलं आणि तेही शेजारी वाकले. आम्ही दोघंही बोटानं दाखवत होतो, आणि पहिल्यांदाच तू मागे सरकलीस. आम्हाला आमचं बोलू दिलंस. कुठे बोलायचं हे पुष्कळांना कळतं. कुठे थांबायचं, हे तुझ्या वयाला मला तरी कळत नव्हतं.

मॉस्कोतलं अंतराळ संग्रहालय मी झटपटच पाहिलं. ते टायटॅनियमचं १०७ मीटरचं उंच स्मारक, त्याच्या पायथ्याशी आत जपलेल्या बेल्का आणि स्ट्रेल्का या कुत्र्या, १९६० मध्ये अंतराळातून जिवंत परतलेल्या. तिथे गर्दी असते, मांडणी नव्या पद्धतीची आहे, लहान मुलांना घेऊन जावं असं ठिकाण. मला ओढ होती कलुगाची, रॉकेटचं गणित मांडणाऱ्या त्सिओल्कोव्स्कीच्या गावाची.

कलुगाला जायला भल्या पहाटे निघावं लागलं. तू रात्री जागून अभ्यास केलेली दिसत होतीस आणि गाडीत दहा मिनिटांत झोपलीस. त्या झोपेबद्दलही तू माझी माफी मागितलीस, वेडी! संग्रहालयाबाहेर व्होस्तोक रॉकेट उभं आहे, गागारिनला नेणाऱ्याच्या जोडीचं, राखीव ठेवलेलं. इमारतीचा पायाचा दगड गागारिननं स्वतः १३ जून १९६१ ला बसवला, म्हणजे अंतराळातून परतल्यावर दोन महिन्यांनी. पण मी अडकलो ते त्सिओल्कोव्स्कीच्या लाकडी घरात. १९०४ ते १९३३ तो तिथे राहिला. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. १९०३ मध्ये त्यानं रॉकेटनं अंतराळात जाता येईल हे समीकरणानिशी मांडलं, तेव्हा मोटारगाडीसुद्धा अपूर्वाईची होती. १९०८ च्या पुरात ओका नदीचं पाणी घरात शिरलं.

लहानपणी स्कार्लेट तापात त्याचं ऐकणं गेलं, हे मला माहीत नव्हतं. तिथे त्याचे पत्र्याचे कर्णे ठेवलेत, स्वतः कापून, डाग देऊन बनवलेले. लांबट, रुंद तोंडाचे. शिवण जिथे आली आहे तिथे डाग जाडसर आहे, कारखान्यात कुणी असा डाग दिला असता तर मी परत पाठवला असता. पण तो डाग त्यानं ऐकण्यासाठी दिला होता. मी बराच वेळ तिथून हललो नाही. तू माझ्या डाव्या कानाशी आलीस आणि पाटीवरचं सगळं वाचून दाखवलंस, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. खोली राखणाऱ्या बाईंनी तुला रशियनमध्ये काहीतरी विचारलं. तू हसून उत्तर दिलंस, मग त्यांनी खुर्ची आणून मला बसायला लावलं. वर कार्यशाळेतून छपरावर उघडणारं दार आहे, तिथून तो आकाश बघायचा, तेही त्यांनी मुद्दाम बोलावून दाखवलं. नुसतं तिकीट काढून आलेल्या परक्या म्हाताऱ्याला हे मिळालं नसतं. तुझ्यामुळे मिळालं.

शेवटच्या दिवशी मी पाकीट पुढे केलं तेव्हा तू खरोखर रागावलीस. "मग माझ्या वडिलांनाही पैसे देता का?" म्हणालीस. तुझ्या वडिलांना मी फोन केला होता, हे तुला सांगितलं नाही. कोरडवाहू शेती, त्यात तुला एवढ्या लांब पाठवलं. त्यांना मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलं. ते नुसतं "हो, हो" म्हणत राहिले, शेवटी म्हणाले, "तुमचं बघून झालं ना नीट? मग झालं."

कॉलनीतला एक मुलगा पुढच्या महिन्यात मॉस्कोला शिकायला येतोय, त्याच्यासोबत पार्सल देतो. त्यात चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि काकूनं केलेले बेसनाचे लाडू तुझे. चहाचा मोठा पुडा मोनिनोच्या त्या गृहस्थांना. त्यात एक चिठ्ठी आहे. त्यांनी मला विचारलं होतं की तुमच्याकडच्या उन्हात मिगच्या टायरांचं आणि सीलचं काय व्हायचं. तेव्हा घाईत उत्तर अर्धं राहिलं. चिठ्ठीत ते पूर्ण लिहिलंय, जरा लांबलंय. त्यांना वाचून दाखव, पण परीक्षा संपल्यावर. घाई नाही.

सुट्टीत गावी येशील तेव्हा दोन दिवस ओझरला यायचं. नाशिक रोडला मी घ्यायला येतो, गाडी आणि डबा तेवढा कळव.

तुझे,
ओझरचे काका