जे विचारायचं ते त्यालाच विचारा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

21 मार्चचा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस आला की बातमी येते. हा सिंड्रोम जन्मापासूनच असते, त्यात शिकणं-बोलणं सावकाश होते. 21 नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते म्हणून तिसऱ्या महिन्याची 21 तारीख, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत झालं. बातमी येते ते चांगलंच, पण दरवेळी फोटोत पाहुण्यांच्या हातून खाऊ घेणारी लेकरं असतात. ही लेकरं मोठी होतात हो. डाऊन सिंड्रोम असलेला माझा धाकटा भाऊ तिशी ओलांडून गेला, स्वतः दाढी करतो, तरी लोक त्याला 'बाळ' म्हणतात. म्हणून हे पत्र.

माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं, कापूस-सोयाबीनवालं गाव. घरी आटाचक्की आहे आणि ती भाऊ चालवतो. डबा पाहिला की कोणाचं दळण ते त्याला कळते, ज्वारी-गहू आधी, चण्याची डाळ शेवटी, लाईन गेली की पहिले बटन बंद. हे एका दिवसात नाही आलं, बाबांनी एकच काम घ्यायचं, महिनोन्महिने तेच करून दाखवायचं, ते पक्कं झालं की पुढचं. डाऊन सिंड्रोमवाल्यांना ऐकलेलं लवकर निसटते पण डोळ्यांनी पाहिलेलं टिकते, हे आईबाबांना कोणी सांगितलं नव्हतं, करता करता कळलं. पट्ट्याला जाळी बसवली, भाव किलोप्रमाणे चित्रं काढून भिंतीवर लावले. पैशाचा हिशोब त्याला जड जायचा तर क्यूआर कोड आला आणि ते बोलणारं मशीन आलं, 'चाळीस रुपये मिळाले' असं ऐकलं की तो मान हलवून डबा देतो.

आता खरी गोष्ट सांगते. त्या क्यूआरचे पैसे बाबांच्या खात्यात जातात, कारण भावाचं स्वतःचं खातं उघडायला गेलो तर बँकेतल्या साहेबांनी दिव्यांगाचं सर्टिफिकेट पाहिलं आणि त्याच्याकडे न पाहताच आईला म्हणाले, पालकत्वाचा कागद आणा. अहो, गावात अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्या बायांची खाती आहेत, तिथं कोणी पालक मागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये सरळ लिहिलं आहे की दिव्यांग माणसाला इतरांसारखाच स्वतःचे पैसे सांभाळायचा, बँकेचं कर्ज घ्यायचाही हक्क आहे. पालक लागलाच तर कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं आणि तेही त्या माणसाशी बोलून, दोघांनी मिळून ठरवायचं. माझ्या भावाला पासबुकावर स्वतःचं नाव पाहिजे, बस.

बँकेचं जाऊ द्या, गावातही तेच. लग्नात पंगतीला तो बसलेला असते आणि वाढणारा आईला विचारतो, 'काकू, याले बुंदी चालते का?' याले काय समजते बाप्पा, हे तर आम्ही रोज ऐकतो. समजते त्याला. बोलणं जरा जड आहे, उत्तर यायला वेळ लागते, तेवढं थांबायला कोणी तयार नाही.

सगळे म्हणतात, आईबाप गेल्यावर याचं कसं, हा काही स्वतंत्र राहू शकत नाही. मला सांगा, पीकविम्याचा फॉर्म आमच्या गावात एकट्याने कोण भरते? सगळे सेंटरवाल्या पोराकडे जातात, त्यांना कोणी परावलंबी म्हणत नाही. माझ्या भावाला हिशोबाला, दवाखान्याला कोणी सोबत लागते, बाकी दिवस तो त्याचा तो जगतो, संध्याकाळी पारावर मित्रांमध्ये बसतो, शर्ट स्वतः निवडतो, पोळ्याला बैल सजवण्यात सगळ्यात पुढे.

ज्यांच्या घरी आता असं बाळ जन्मलं त्यांना एक सांगायचं आहे, घाबरून लपवू नका. जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असते, म्हणून टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लवकर करा, थायरॉईड दरवर्षी तपासा, कान-डोळे पण. 2013 पासून सरकारचा बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची गाडी अंगणवाडीत येते, डाऊन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे आणि पुढं जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. माझ्या भावाच्या लहानपणी यातलं काहीच नव्हतं.

आणि जिल्हाधिकारी साहेबांना विनंती. पालकत्वाचे अर्ज पाहणारी नॅशनल ट्रस्टची, म्हणजे अशा दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेची, स्थानिक समिती तुमच्याच अध्यक्षतेखाली असते. तिची बैठक एखाद्या वेळी तालुक्याला घ्या, बँकेच्या मॅनेजर लोकांनाही बोलवा, खरंच कोणाला पालक लागतो आणि कोणाला नाही ते तिथंच त्या पोरांना समोर बसवून ठरवा. भाऊ यायला तयार आहे, एसटीत तो एकटा येतो, पंच्याहत्तर टक्के सवलतीचं कार्ड स्वतःच कंडक्टरला दाखवतो.

एक बहीण,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ