राजीनामा दिलाय, आधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आई, तू 'जेवलीस का' एवढंच विचारलं असतंस. म्हणून लिहितेय. नोकरीचा राजीनामा दिलाय आणि तो मंजूरही झालाय. महिनाअखेरीला इथलं काम संपलं की काही महिने इगतपुरीला, धम्मगिरीवर, विपश्यना ध्यानाच्या शिबिरांत सेवक म्हणून राहणार आहे.

आधी पैशांचं सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. गाडीचं कर्ज फिटलंय. वर्षभर पुरेल एवढं बाजूला आहे. तुमच्या दोघांच्या मेडिक्लेमचा हप्ता भरलाय. आणि नोकरीचं नंतर काही जमलं नाही, तर साताऱ्यात शिकवण्या घेईन, गणित कुठे पळून गेलं नाहीये.

बाबा, तुमच्या तोंडात पहिला शब्द 'बुवाबाजी' येणार, माहितेय. बुवांची हातचलाखी उघडी पाडायला शाळाशाळांतून तुम्ही 'मंत्राने अग्नी' दाखवायचात, तेव्हा 'तूप' ओतायचं काम माझं असायचं. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन. थोडा वेळ काहीच व्हायचं नाही, तुम्ही उगाच काहीतरी पुटपुटत राहायचात, मग एकदम भडका. पोरं किंचाळायची आणि तुम्ही माझ्याकडे बघून हळूच डोळा मारायचात. त्या पोरीला कोणी अंगारा लावून फसवेल? मी इथेही आधी बाटलीत काय आहे तेच बघितलं. शिबिराला फी नाही. दहा दिवसांचं एक शिबिर पुरं केल्याशिवाय कोणाकडून दानही घेत नाहीत. गंडा नाही, जप नाही. फोन, वही-पेन सगळं जमा करायचं, पहाटे चारला घंटा, आणि पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं. कंटाळा येतो, पाय भरून येतात. चमत्कार म्हणाल तर एवढाच, की चौथ्या दिवशीही मी तिथेच होते.

प्रवचनात पुनर्जन्माचं येतं, तिथे माझंही अडतं. विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींची त्यावर एक गोष्ट आहे. खिरीतली वेलची पोराला काळे खडे वाटते आणि तो वाटीच सरकवतो. आई म्हणते, खडे काढ नि खीर खा. माझे खडे मी बाजूला काढून ठेवलेत. तुम्हाला दाखवेन.

आमच्या कंपनीचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. ज्या आठवड्यात टीममधली माणसं काढली, त्याच शुक्रवारी एचआरने ऑनलाइन श्वासाचा वर्ग ठेवला. 'जे तुमच्या हातात नाही ते सोडून द्या', असं ती बाई गोड आवाजात सांगत होती आणि माझ्या शेजारच्या टेबलावर काढलेल्या मुलीचा चहाचा मग तसाच होता. माझ्या वयाची निम्मी पोरं आता टॅरो बघतात, स्फटिकांच्या माळा घालतात, महागड्या वीकेंड शिबिरांना जातात. त्यांना हसू नका, बाबा. घरचे देव घरी ठेवून आम्ही पुण्याला आलो, पगारावर विश्वास ठेवला, तोही टिकला नाही. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकर डॉक्टर गेले, तरी तुम्ही पुढच्या बैठकीला गेलातच, कारण तुमच्याकडे काम होतं. आमच्याकडे सोमवारची मीटिंग होती.

आई, तू रागावू नकोस. सज्जनगडावर तू समाधीपाशी, बाबा खाली चहाच्या टपरीवर, आणि मी पायऱ्यांवर मधेच कुठेतरी, तुझ्या पिशवीतले पेढे खात. 'नाम घे' म्हणशील. घेऊन बघितलं गं, पण ते तुझं आहे, मला उसनं वाटतं. संन्यास बिन्यास काही नाही, केस आहेत तसेच आहेत. फक्त स्थळांचं तेवढं थांबव, थोडे दिवस. जेवण चांगलं असतं, साधं नि वेळेवर, अकराच्या ठोक्याला. तिखट कमी, तेव्हा तुझा ठेचा आठवेल. इगतपुरीचा पाऊस आपल्या महाबळेश्वरच्या पावसासारखाच. रेनकोट, कानटोपी, दोन जादा टॉवेल घेतलेत. शिबिर चालू असताना फोन फारसा होणार नाही, पण धम्मगिरीच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर लावून जाईन. अडीअडचणीला निरोप लगेच मिळतो.

आता ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. ते झाल्यावरच मी जाणार, त्यामुळे बाबा, तारीख लांबवून मला अडवता येईल असं वाटत असेल तर तसं होणार नाही. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. यवतेश्वरच्या घाटात स्कूटर नेणं आजपासून बंद. आई, माळ्यावर चढायचं नाही, लोणच्याच्या बरण्या मी येऊन खाली काढते. दादाला अजून काही बोलू नका, मीच सांगेन.

शनिवारी रात्रीच्या एसटीने येतेय. बाबा, वाद घालायचाच आहे, पण जेवणं झाल्यावर. आई दोघांच्याही बाजूने बोलते आणि मग कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाही.

तुमची,
मनू