इंटर्नची चंगळ आणि नारिंगी पट्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हिंजवडीतल्या इंटर्न मंडळींच्या ‘चंगळी’वर आलेला सचित्र लेख वाचला. फुकटचे जेवण, कॉफीची यंत्रे, टेबल टेनिस आणि बीन बॅग यांचे वर्णन इतक्या मायेने केलेले आहे की, जानेवारी ते जून असे सहा महिने त्याच इमारतीत इंटर्न म्हणून काढूनही आपण नेमके होतो कुठे, असा प्रश्न मला पडला. छायाचित्र आमच्याच कॅन्टीनशेजारचे आहे, हे मागच्या भिंतीवरच्या बंद घड्याळावरून ओळखले. सहाही महिने त्यात सव्वाचारच वाजलेले होते.

कॉफीबद्दल माझी तक्रार नाही, ती खरोखरच उत्तम होती. ज्यांच्या हाताखाली मला दिले होते, त्यांनी माझ्या कोडची ओळ न् ओळ शेजारी बसून तपासली आणि जे शिकवले, ते महाविद्यालयात चार वर्षांत कोणी शिकवले नव्हते. हे ऋण मान्य करूनच विचारते की, ‘इंटर्नलाही कायम कर्मचाऱ्यांइतक्याच सवलती’ हे वाक्य आपण कोणाला विचारून छापलेत? आमच्याकडे कायम कर्मचाऱ्यांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी असे आणि आमच्या गळ्यात नारिंगी. संध्याकाळी साडेसहाच्या बसमध्ये निळ्या पट्टीवाले बसून झाल्यावर जागा उरलीच, तर आम्ही चढायचे. रात्रीचे फुकट जेवण मात्र सर्वांना होते, कारण ते साडेआठला सुरू होई आणि तोपर्यंत जागेवर बसलेल्या मुलीला ‘तेवढे दोन बग बघून घेतेस का’ असे विचारणे कोणालाही सोपे जाते.

मार्चअखेरची एक रात्र तर मी विसरणे शक्य नाही. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचे डिप्लॉयमेंट, म्हणजे ती वापरासाठी चालू करण्याचे काम होते आणि मला थांबायला सांगितले होते. दहाला दहा मिनिटे कमी असताना काम संपले, म्हणून घरी जाण्यासाठी कंपनीच्या ॲपवर कॅब मागितली, तर ‘कर्मचारी क्रमांक अवैध’ असे उत्तर आले. इंटर्नचे क्रमांक ‘टी’ने सुरू होतात आणि ॲपला ‘टी’ ठाऊकच नव्हता. मदतकक्षाला फोन केला, तर ‘तिकीट टाका’, म्हणजे संगणकावर तक्रार नोंदवा, असे सांगण्यात आले. तिकीट टाकले. फाटकावर आले, तेव्हा रखवालदार काका ज्या खुर्चीवर बसले होते तिच्या वरच पाटी होती की, रात्री आठनंतर महिला कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वाहनानेच जावे. काकांनी आपली खुर्ची मला दिली, ‘एकटी रिक्षाने जायचं नाही, पोरी’ असा दम भरला आणि पाऊण तासाने आलेल्या दुसऱ्याच कोणाच्या कॅबमध्ये मला बसवून नोंदवहीत माझ्या नावापुढे ‘पाहुणी’ असे लिहिले. वाकडला खोलीवर पोहोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तिकिटाचे उत्तर सोमवारी आले: ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.’

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे, तर तिची संमती आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय, या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. पट्टीच्या रंगाचा उल्लेख मला तरी त्यात आढळला नाही.

लेखात विद्यावेतनाला ‘पॉकेटमनी’ म्हटले आहे, तेही बोचले. मला दरमहा १२,००० रुपये मिळत. वाकडला कॉट बेसिसवर राहण्याचे ६,५०० आणि मेसचे ३,२०० वजा केले की उरलेल्या २,३०० रुपयांत रिक्षा, मोबाईल आणि महिन्यातून एकदा सांगलीची एसटी बसवावी लागे. त्यावर लेखकाचा युक्तिवाद असा की, २०२४ च्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत ५,००० रुपयेच धरले होते, म्हणजे खासगी कंपन्या उदारच म्हणायच्या. त्या ५,००० पैकी ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे ठरले होते, शिवाय पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना ती योजना तेव्हा लागूच नव्हती, हे लिहायला बहुधा जागा पुरली नसावी. आमच्यासारख्या शेवटच्या सत्रातल्या मुलांना इंटर्नशिप केल्याशिवाय श्रेयांक नाहीत आणि श्रेयांकांशिवाय पदवी नाही. गंमत म्हणजे, ज्या सत्रात आम्ही महाविद्यालयाची पायरीही चढलो नाही, त्या सत्राचे संपूर्ण शुल्क, जिमखाना आणि ग्रंथालय यांसकट, महाविद्यालयाने बिनचूक वसूल केले. यावरही एखादी पुरवणी निघू शकेल.

एवढे सगळे होते तर तिथेच का बोलला नाहीत, असे कोणी विचारील. पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतर कायम नोकरीचा प्रस्ताव, मिळेल या आशेवर आम्ही अकरा जण सहा महिने तोंड मिटून होतो. तो मिळाला तिघांना आणि त्यांत मी नाही. तेव्हा कोल्ह्याला द्राक्षे आंबट, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे. कॅबची गोष्ट मात्र निकाल लागण्याच्या अडीच महिने आधीची आहे.

लेख मागे घ्यावा असा माझा आग्रह नाही. छायाचित्राखालची ‘विरंगुळ्याचे क्षण अनुभवणारे इंटर्न’ ही ओळ तेवढी दुरुस्त करावी. टेबल टेनिस खेळणाऱ्या चौघांच्याही गळ्यात निळ्या पट्ट्या आहेत आणि डावीकडून दुसरे, बॅट उगारलेले गृहस्थ माझे मॅनेजर आहेत.

आपली,
एक माजी इंटर्न, वाकड, पुणे