३,२११ भाषणं

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, "खासदारांनी निवेदनं काढायची, भाषणं ठोकायची आणि तिकडे बॉम्ब पडतच राहायचे. काय उपयोग?" तुझा राग खराच आहे. घरात झोपलेली माणसं मारली जातात, बायकांची विटंबना होते, आणि दूर कुठल्या तरी सभागृहात कुणी म्हणतं, "आपल्या देशाने ठोस काही करावं." संताप येणारच. पण ते बोलणं मोडीत काढू नकोस.

विल्यम प्रॉक्समायर हे विस्कॉन्सिनचे अमेरिकन सिनेटर. वंशसंहाराविरुद्धचा करार संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ला मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पुढच्याच वर्षी तो सिनेटकडे पाठवला, आणि तिथे तो धूळ खात पडला. उद्या परकं न्यायालय आपल्याला जाब विचारेल, ही एक धास्ती. कृष्णवर्णीयांवर केलेल्या अत्याचारांचा हिशेब कुणी मागेल, ही दक्षिणेकडच्या सिनेटरांची दुसरी. जानेवारी १९६७मध्ये प्रॉक्समायर यांनी जाहीर केलं, करार मंजूर होईपर्यंत मी रोज बोलणार. आणि सभागृह भरेल त्या दिवशी ते बोलत राहिले. बियाफ्रा, बांगलादेश, बुरुंडी, कंबोडिया... जगात नवी कत्तल झाली की भाषणात तिची भर पडायची. अशी एकोणीस वर्षं, ३,२११ भाषणं! १९ फेब्रुवारी १९८६ला सिनेटने ८३ विरुद्ध ११ मतांनी करार मान्य केला, आणि १९८८मध्ये झालेल्या कायद्याला त्यांचंच नाव मिळालं.

तू लगेच रवांडा काढशील. बरोबरच आहे. १९९४मध्ये तिथे शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली आणि अमेरिकेसकट सगळे बडे देश बघत बसले. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण १९९८मध्ये ताबा गावाचा माजी महापौर अकायेसू याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं, ते त्याच १९४८च्या करारातल्या व्याख्येवर. गावातल्या बायका टांझानियातल्या अरुशाच्या न्यायालयात उभ्या राहून बोलल्या, आणि बलात्कार हादेखील वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, हे पहिल्यांदाच निकालपत्रात आलं. व्याख्याच नसती, तर त्यांनी दाद कशाच्या आधारावर मागितली असती?

आपल्या संसदेचंही सांगते. २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. ३१ मार्चला आपल्या संसदेने एकमताने ठराव करून पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा दिला. तो नुसता कागद राहिला नाही, कारण सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार देशाने उचलला. ठरावाची किंमत मी अशीच करते, त्यामागे पुढे काय उभं राहिलं यावरून.

आणि इथेच मला आपल्या आजच्या खासदारांशी भांडायचं आहे. वंशसंहाराविरुद्धच्या करारावर भारताने १९५९मध्ये शिक्कामोर्तब केलं, पण त्यासाठीचा स्वतंत्र कायदा आजवर झालेला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या २०१८मधल्या निकालात ही उणीव स्पष्ट दाखवली. युद्धगुन्ह्यांसाठी १९६०चा जिनिव्हा करार कायदा आहे, पण त्याचं कलम १७ वाच. सरकारने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही! ज्याचं घर जळलं त्याने तक्रार करायची सोय नाही. दुसऱ्या देशातल्या अत्याचारांवर पोटतिडकीने बोलणाऱ्या खासदाराला हे कलम टोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

लोकसभेत शुक्रवारी दुपारी अडीच तास अशासकीय विधेयकं आणि ठरावांसाठी राखलेले असतात. मंत्री नसलेला कुठलाही खासदार तिथे विधेयक मांडू शकतो. अशी विधेयकं क्वचितच मंजूर होतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी तू तुमच्या खासदारांना पत्र लिही. निवेदनावर सही केलीत का, एवढंच विचारून थांबू नकोस. वंशसंहाराविरुद्धचा कायदा मांडणार का आणि कलम १७ बदलायला तयार आहात का, ते विचार. उत्तर नाही आलं तर पुढच्या अधिवेशनाआधी पुन्हा लिही. मी आमच्या खासदारांना आजच लिहिते आहे. मसुदा पाठवते, तुझ्या कायद्याच्या नजरेने तपासून दे.

तुझी,
आई